एक वर्ष शरीरासाठी

लाल पगडी, खांद्यावर उपरणे, भरघोस मिशा आणि समोरच्याचा ठाव घेणारी नजर. लोकमान्य टिळकांचे हे चित्र आपल्या मनात इतके पक्के बसले आहे की, या माणसाला कधी तब्येतीची काळजी करावी लागली असेल, हे खरेही वाटत नाही. शाळेच्या पुस्तकातली शेंगांची आणि टरफलांची गोष्ट आपल्याला ठाऊक असते. खटले, तुरुंग, ‘केसरी’ आणि ‘गीतारहस्य’ ठाऊक असते. पण या साऱ्याचे ओझे ज्या शरीराने वाहिले, ते मुळात कसे होते आणि ते कसे कमावले गेले, इकडे सहसा लक्ष जात नाही.

टिळकांच्या आयुष्याकडे एकदा केवळ प्रकृतीच्या बाजूने पाहिले, तर एक वेगळीच गोष्ट हाती लागते. सतराव्या वर्षी त्यांनी शरीराकडून एक गोष्ट मागितली, बेचाळिसाव्या वर्षी दुसरी, बावन्नाव्या वर्षी तिसरी. आणि साठीनंतर जी मागायला हवी होती, ती बहुधा मागायचीच राहून गेली.

अशक्त मुलगा

बाळ गंगाधर टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीत झाला. मूळ गाव दापोली तालुक्यातले चिखलगाव. वडील गंगाधरपंत शिक्षक होते. पुढे शिक्षण खात्यात वरच्या जागेवर गेले. मूल नवसासायासाचे, बुद्धीने तल्लख, पण अंगाने किरकोळ. १८६६ साली वडिलांच्या बदलीमुळे कुटुंब पुण्याला आले आणि लवकरच आई, पार्वतीबाई, गेल्या. त्या वेळी मुलगा दहा वर्षांचा होता. १८७१ साली लग्न झाले; दापोलीजवळच्या लाडघरच्या बाळ घराण्यातली तापी सत्यभामा होऊन घरात आली. १८७२ साली बाळ मॅट्रिक झाला आणि त्याच वर्षी वडीलही वारले.

सोळाव्या वर्षी हा मुलगा असा पोरका झाला होता. काका-काकूंचा आधार होता, वडिलांनी मागे थोडीफार पुंजी ठेवली होती आणि डोके गणितात विलक्षण चालत होते. अशा मुलाने काय करावे? भराभर परीक्षा द्याव्यात, पदवी घ्यावी आणि सरकारी नोकरी धरावी. चारचौघांनी हाच सल्ला दिला असता.

डेक्कन कॉलेजातले ते वर्ष

१८७३ साली टिळक डेक्कन कॉलेजात दाखल झाले आणि तिथेच वसतिगृहात राहू लागले. कॉलेज पुण्याच्या शिवेवर, येरवड्याच्या बाजूला, मोकळ्या हवेत आणि नदीच्या जवळ. वसतिगृहातली धष्टपुष्ट मुले पाहताना आपल्या देहाची उणीव त्यांना अधिकच जाणवली असावी. बायकोची प्रकृती नवऱ्यापेक्षा चांगली आहे, यावरून मित्र त्यांची थट्टा करीत, अशीही आठवण सांगितली जाते. कारण काहीही असो, टिळकांनी ठरवले की कॉलेजातले पहिले वर्ष अभ्यासासाठी नाही, शरीरासाठी द्यायचे.

आणि त्यांनी ते खरोखरच दिले. तालमीतला व्यायाम, कुस्ती, नदीत पोहणे, होडी वल्हवणे आणि त्याच्या जोडीला भरपूर सकस जेवण असा त्यांचा दिनक्रम झाला. वर्गातल्या तासांपेक्षा तालमीतले तास त्यांना महत्त्वाचे वाटू लागले. परिणाम व्हायचा तो झाला. त्या वर्षाची परीक्षा हातची गेली. मात्र वर्ष संपले तेव्हा किरकोळ मुलाचा काटक, भरल्या अंगाचा तरुण झाला होता. नाजूक प्रकृतीच्या आणि सतत औषधांच्या बाटल्या जवळ बाळगणाऱ्या सोबत्यांच्या बाटल्या ते खिडकीबाहेर फेकून देत आणि तालमीत चला म्हणून त्यांच्या मागे लागत, असे त्यांच्या कॉलेजमित्रांनी पुढे सांगितले आहे. औषध फेकणे आज कोणताही डॉक्टर मान्य करणार नाही. पण नवा बाटलेला जास्त मोठ्याने बांग देतो, तशातलाच तो प्रकार होता.

त्या काळच्या पुण्याला तालीम नवी नव्हती. आपल्या पनवेलजवळच्या शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके पुण्यात लहुजी वस्ताद साळवे यांच्या तालमीत तयार झाले होते आणि तेही याच सुमारास पुण्यात होते. फडक्यांना शरीर हवे होते ते प्रत्यक्ष लढ्यासाठी. टिळकांचा हिशेब वेगळा दिसतो. त्यांना पैलवान व्हायचे नव्हते, फड मारायचे नव्हते. पुढे जे काही करायचे, ते पेलेल एवढी शिदोरी एकदाच भरून घ्यायची होती. म्हणूनच वर्ष संपल्यावर ते पुन्हा पुस्तकांकडे वळले, पहिल्या वर्गात बी. ए. झाले आणि १८७९ साली एलएल. बी. झाले. गेलेले एक वर्ष त्यांच्या पुढच्या वाटचालीत कुठे खटकलेले दिसत नाही.

शिदोरी कामी आली

१८८० च्या जानेवारीत न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले, पुढच्या वर्षीच्या जानेवारीत ‘केसरी’ आणि ‘मराठा’ निघाले. कोल्हापूरच्या प्रकरणात टिळक आणि आगरकर या दोघांना १८८२ साली चार महिन्यांची शिक्षा झाली आणि त्यांतले १०१ दिवस त्यांनी मुंबईत डोंगरीच्या तुरुंगात काढले. दोघेही तेव्हा सव्वीस वर्षांचे होते. दोघांच्या जन्मात जेमतेम नऊ दिवसांचे अंतर.

त्या पिढीच्या आयुष्याचे आकडे पाहिले की मन चरकते. विष्णुशास्त्री चिपळूणकर १८८२ साली गेले, वय अवघे एकतीस. दम्याने पोखरलेले आगरकर १८९५ साली गेले, एकोणचाळिशी पुरी होण्याआधी. गोपाळ कृष्ण गोखले मधुमेहाने खंगून १९१५ साली गेले, तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांचे होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानातले सरासरी आयुर्मान वीस-पंचवीस वर्षांच्या आसपास होते. बालमृत्यू आणि साथी यांनी ते इतके खाली ओढले होते.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. टिळकांनी व्यायाम केला म्हणून ते जगले आणि आगरकरांनी केला नाही म्हणून ते गेले, असा सोपा हिशेब मांडणे अन्यायाचे होईल. दमा कोणी मागून घेत नाही. आगरकरांचे विद्यार्थिदशेतले हाल, एका सदऱ्यावर काढलेले दिवस आपल्याला माहीत आहेत. तालमीला आणि दुधातुपाला वर्षभर वेळ आणि पैसा देणे त्यांना परवडले असते का? वर्षभर शरीराकडे पाहण्याची सवड मिळणे हीदेखील एक मिळकतच असते. टिळकांना ती मिळाली आणि त्यांनी ती वाया घालवली नाही, एवढेच म्हणता येईल.

खर्च झाले ते भरून काढणे

दुसरा टप्पा आला तो चाळिशी ओलांडताना. १८९७ साल प्लेगचे. पुण्यातले अनेक जण गाव सोडून गेले, टिळक शहरात राहिले आणि प्लेगच्या रुग्णालयाच्या कामात पडले. त्याच वर्षी राजद्रोहाचा खटला झाला आणि सप्टेंबरात दीड वर्षाची सक्तमजुरीची शिक्षा झाली. तुरुंगातल्या जेवणात कांदा-लसूण असे. ते त्यांना चालत नसल्याने कोरडी भाकरी पाण्याबरोबर खाऊन त्यांनी दिवस काढले, असे त्यांच्या चरित्रांत सांगितले आहे. वजन झपाट्याने उतरले. १८९८ च्या सप्टेंबरात मुदतीआधी सुटका झाली, तेव्हा जवळच्या माणसांना त्यांची रया गेलेली दिसली.

आता ते बेचाळीस वर्षांचे होते. तालमीत जाऊन पुन्हा सतरा वर्षांचे होण्याचा हट्ट त्यांनी धरला नाही. आधी ते सिंहगडावर जाऊन राहिले. गडावर त्यांचा बंगला होता आणि दर उन्हाळ्यात तिथे जाऊन राहण्याचा परिपाठ होता. थंड हवा, देवटाक्याचे पाणी, गडावरचे चालणे आणि जवळ पुस्तके, एवढ्या भांडवलावर शरीर पुन्हा हळूहळू भरू लागले. डिसेंबरात ते मद्रासच्या काँग्रेसला गेले, तिथून पुढे रामेश्वर आणि सिलोनपर्यंत फिरून आले. ‘केसरी’ची सूत्रे त्यांनी पुन्हा हाती घेतली ती १८९९ च्या जुलैत.

कामाचा असा डोंगर पुढे असताना या माणसाने सुटकेनंतर जवळजवळ दहा महिने जाऊ दिले, ही गोष्ट आजच्या वाचकाने लक्षात घेण्यासारखी आहे. आपल्याकडे तापातून उठलेला माणूस तिसऱ्या दिवशी लोकल पकडतो आणि वर त्याचे कौतुकही होते!

आहे ते राखणे

१९०८ च्या जूनमध्ये टिळकांना मुंबईत सरदारगृहात अटक झाली आणि २२ जुलैला, बावन्नावा वाढदिवस दुसऱ्या दिवसावर आला असताना, सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा फर्मावली गेली. प्रत्यक्षात साबरमतीनंतर त्यांना ब्रह्मदेशात मंडालेला नेण्यात आले. शिक्षा पुढे साधी कैद करण्यात आली. उन्हाळ्यात भट्टीसारखी तापणारी आणि हिवाळ्यात गारठणारी लाकडी बराक, आणि सोबतीला जडलेला मधुमेह.

मधुमेहावर त्या काळी औषध नव्हते, हे आज आपल्या ध्यानात येत नाही. इन्सुलिनचा शोध १९२१ साली लागला आणि पहिल्या रुग्णाला ते टोरांटोत १९२२ च्या जानेवारीत टोचले गेले. तोवर टिळकांना जाऊन दीड वर्ष होत आले होते. त्यामुळे मंडालेत त्यांच्या हाती एकच उपाय होता, तो म्हणजे ताटात काय घ्यायचे आणि काय नाही हे ठरवणे. तिथे त्यांचा स्वयंपाक करायला एक मराठी कैदी दिलेला होता. टिळकांनी नेहमीच्या भात-पोळीला फाटा देऊन सातूच्या पिठाच्या पदार्थांवर भर दिला. प्रकृतीची हकिगत ते घरच्या पत्रांतून कळवीत.

अंग कमावण्याचे दिवस मागे पडले होते. गेलेले सारे परत मिळवण्याचीही आशा नव्हती. जे शिल्लक आहे ते दिवसाच्या दिवशी सांभाळायचे आणि त्यातून काम काढायचे, इतकेच आता साधायचे होते. त्या सांभाळलेल्या बळावर जवळ जमवलेले चारएकशे ग्रंथ वाचून झाले, जर्मन, फ्रेंच, पाली या भाषांचा अभ्यास झाला आणि १९१०-११ च्या हिवाळ्यात पेन्सिलीने ‘गीतारहस्य’ लिहून झाले. सतराव्या वर्षाची जिद्द सगळ्यांना दिसते आणि आवडते. पन्नाशीनंतर रोज ताटापुढे बसून मन आवरण्याला तितकीच जिद्द लागते, पण तिचे कौतुक कोणी करीत नाही.

घरातली दुसरी प्रकृती

या गोष्टीत एक पान जवळजवळ कोरे आहे. ज्यांच्या चांगल्या प्रकृतीवरून टिळकांची थट्टा झाली म्हणतात, त्या सत्यभामाबाईंनी पुढे काय सोसले? वाढता संसार, घरात माणसांचा राबता, नवऱ्याचे तीन तुरुंगवास, १९०३ साली प्लेगने थोरल्या मुलाचा, विश्वनाथचा, झालेला मृत्यू. पती मंडालेत असतानाच ७ जून १९१२ रोजी त्या गेल्या. टिळकांच्या वजनातला चढउतार चरित्रकारांनी नोंदला. सत्यभामाबाईंच्या तब्येतीच्या वाट्याला त्या मानाने फार थोड्या ओळी आल्या. त्या काळाचा तो दोष म्हणून सोडून देता येईल. पण आजही किती घरांत नवऱ्याचे साखरेचे आणि सासऱ्यांचे रक्तदाबाचे कागद फायलीत नीट लावलेले असतात, आणि ते लावणाऱ्या बाईचा स्वतःचा एकही कागद त्या फायलीत नसतो!

राहून गेलेली गोष्ट

१९१४ च्या जूनमध्ये टिळक पुण्याला परतले तेव्हा ते सत्तावन्न वर्षांचे होते. त्यानंतरची सहा वर्षे धावपळीची गेली. १९१५ साली ‘गीतारहस्य’ छापून निघाले. १९१६ साली होमरूल लीग निघाली, बेळगाव-अहमदनगरची भाषणे झाली. त्याच वर्षी साठी भरली, पुणेकरांनी एक लाखाची थैली दिली आणि ती त्यांनी देशकार्यालाच देऊन टाकली. लखनौ करार झाला. १९१८-१९ साली चिरोल खटल्यासाठी ते वर्षभर इंग्लंडात राहिले. परतल्यावर पुन्हा काँग्रेस, पुन्हा दौरे. मधुमेह बरोबर होता, सुपारीची जुनी सवय बरोबर होती. नव्हती ती एकच गोष्ट, विश्रांती.

आधीच्या तिन्ही टप्प्यांत टिळकांनी वयाला आणि परिस्थितीला साजेसे काही ना काही ठरवले होते. या टप्प्यावर तसे काही ठरवलेले दिसत नाही. की ठरवूनच त्यांनी प्रकृती बाजूला ठेवली? काळ अटीतटीचा होता, माणूस एकमेव होता आणि त्याचा तो निर्णय असेल, तर त्यावर बोलण्याचा आपल्याला अधिकार नाही. १९२० च्या जुलैत ताईमहाराज प्रकरणाच्या निमित्ताने ते मुंबईत सरदारगृहात उतरले होते. न्यायालयाचा निकाल त्यांच्या बाजूने लागला. पावसाळी हवेत मोटारीतून फेरफटका झाला, ताप आला, हिवतापावर न्यूमोनिया बळावला आणि १ ऑगस्टच्या पहिल्या प्रहरी, मध्यरात्र उलटल्यावर, चौसष्ट वर्षांचे ते शरीर थांबले. न्यूमोनियावर चालणारे पेनिसिलिन सर्रास मिळू लागायला अजून पाव शतक जायचे होते.

आपल्या घरातला हिशेब

लोकमान्यांचे मोठेपण आपल्या वाट्याला येणार नाही. पण प्रकृतीबाबतचा त्यांचा हा टप्प्याटप्प्याचा हिशेब मात्र वाशी-नेरूळपासून खारघर-पनवेलपर्यंतच्या कोणत्याही घरात मांडता येतो. आपली सर्वसाधारण चूक अशी की, सगळ्या वयांना एकच संकल्प लावला जातो. पाडव्याला किंवा एक जानेवारीला घरातले सगळे मिळून ‘उद्यापासून फिरायला जाऊ’ असे ठरवतात आणि आठवड्याभरात सगळे मिळूनच तो मोडतात. मुलाला जे हवे ते आजोबांना नको असते आणि आजोबांना जे पुरते ते मुलाला पुरत नाही.

सतरा वर्षांचे वय हे साठा करण्याचे. हाडांची घनता साधारण पंचविशी-तिशीपर्यंत वाढते; पुढचे आयुष्य त्या ठेवीवर काढायचे असते. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना रोज सरासरी तासभर अंगमेहनत हवी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आणि आपल्याकडे अकरावी-बारावी आली, क्लासची फी भरली की पहिली गदा येते ती मैदानावर. टिळकांप्रमाणे पोराचे अख्खे वर्ष तालमीत घालवा, असे कोणी म्हणणार नाही. पण वर्षभर रोजचा एक तास मागितला तर पालकांचा जीव का कासावीस व्हावा?

तिशी-चाळिशी हे उधळपट्टीचे वय. हार्बर लोकलचा प्रवास, कर्जाचे हप्ते, अवेळी जेवण. या वयात निदान आठवड्याला दीडशे मिनिटे झपाझप चालणे, दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम आणि आजारपणानंतर पुरती उसंत, एवढे ठरवले तरी खूप. सरकारच्या कार्यक्रमात तिशीपासून रक्तदाब, साखर आणि स्त्रियांसाठी स्तनाच्या व गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी होते. ती चुकवू नये, आणि घरातल्या बाईची तर मुळीच चुकवू नये.

पन्नाशी राखण्याची. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. टिळकांजवळ फक्त सातूचे पीठ आणि निग्रह होता. आपल्याजवळ गोळ्या आहेत, इन्सुलिन आहे, घरबसल्या साखर मोजण्याचे यंत्र आहे. निग्रह तेवढा यंत्रात मिळत नाही. आणि सुपारी कर्करोगाला कारण ठरते, हे आता सिद्ध झालेले असल्याने ती सोडण्याला यापेक्षा जास्त निमित्त लागू नये.

साठीनंतर ठरवायच्या गोष्टी वेगळ्या. तोल सावरता येणे, जमिनीवरून हाताच्या आधाराशिवाय उठता येणे, झोप पुरी होणे, आणि कोणते काम सोडून द्यायचे याची यादी करणे. ही शेवटची यादी सर्वांत अवघड. कामाची सवय लागलेल्या माणसाला थांबणे म्हणजे हरणे वाटते.

नेरूळच्या ज्वेल ऑफ नवी मुंबईच्या वाटेवर सकाळी सहाला पाहिले, तर साठीच्या पुढची माणसे मोठ्या संख्येने भेटतात. चाळिशीची थोडी आणि सतरा वर्षांची जवळजवळ नाहीतच. साठा करण्याच्या वयात आपण घरी असतो आणि राखण्याच्या वयात साठा करायला निघतो. उशिरा निघालेल्यांनाही फायदा होतो, यात शंका नाही; त्यांनी थांबू नये. मात्र उद्या निघताना त्यांनी घरातल्या नातवंडाला उठवून बरोबर घ्यावे. त्याची एखादी चाचणी बुडाली, तर बुडू द्यावी.